कृपया चमकवू नये

आमच्या घरात स्वच्छता चकाकीवर मोजतात. वस्तू नुसती स्वच्छ असून भागत नाही, तिच्यात बघून भांग पाडता आला पाहिजे. तांब्याच्या हंड्याला चिंच, समईला पितांबरी, चांदीच्या निरांजनाला रांगोळी आणि शिसवी पाटाला खोबरेल, ही आईची घटना. वडिलांचे ऑफिसचे बूट निवृत्तीनंतरही दर रविवारी चमकतात. जायचं कुठेच नसतं, पण पॉलिश चुकत नाही. अशा घरात मी सॅटिन फिनिशची अकूस्टिक गिटार आणली.

"नवीन आहे?" आईने विचारलं.

"हो."

"मग अशी पारोशी का दिसते?"

बायकोने जवळ जाऊन बोट फिरवलं आणि निदान केलं, "अहो, शेवटचा हात मारायचा राहिलाय हिच्यावर. दुकान बंद व्हायच्या आत परत घेऊन जा."

गंमत म्हणजे ती बरोबर बोलत होती. ग्लॉस गिटारवर लॅकरचे थर चढवून झाले की ते घासून सपाट करायचे, मग बफिंगच्या चाकावर धरून त्यांचा आरसा करायचा, हे कामच मोठं असतं. सॅटिनला त्यातलं बरंचसं गाळतात. म्हणूनच तशाच बांध्याची सॅटिन गिटार बहुधा ग्लॉसपेक्षा स्वस्त पडते. म्हणजे जी मेहनत कंपनीने केली नाही म्हणून मला ती परवडली, तीच मेहनत आमचं अख्खं घर फुकटात करायला पदर खोचून उभं होतं.

सॅटिनच्या लॅकरमध्ये बहुतेक वेळा सिलिकाची अतिबारीक पूड मिसळलेली असते. लॅकर वाळला की त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे राहतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो आणि लाकूड मंद, मऊ दिसतं. घासाघाशीत हे उंचवटे झिजून सपाट होतात आणि तेवढीच जागा चमकायला लागते. सगळी गिटार एकसारखी चमकली असती तर आईने पेढे वाटले असते. पण ती चमकते डागाडागाने. उजवा हात टेकतो तिथे एक चट्टा, नेकच्या मागे अंगठा फिरतो तिथे एक पट्टा, आणि कामाच्या मावशींचं ज्या दिवशी कामात मन लागेल त्या दिवशी ऐन मध्यावर एक पौर्णिमा. हा डाग पुसून जात नाही, कारण तो पुसल्यामुळेच आलेला असतो.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं.

"म्हणजे पुसली की खराब होते?"

"जोरात पुसली की."

"आणि नाही पुसली तर?"

"धूळ बसते."

"मग घेतलीस कशाला?"

घेतली ती नेकसाठी. ठाण्याच्या ऑक्टोबरात घामेजलेला अंगठा ग्लॉस नेकला चिकटतो, सॅटिनवर सुळकन सरकतो. कितीतरी वादक तर चांगला चकचकीत नेक बारीक स्टील वूलने घासून मुद्दाम मंद करून घेतात. ही माहिती मात्र मी घरात कुणालाही दिलेली नाही. आमच्याकडे तारेची घासणी सिंकजवळच असते.

सॅटिन गिटारची खरी निगा इतकी साधी आहे की तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वाजवण्याआधी हात धुवायचे. वाजवून झाल्यावर मऊ, कोरड्या कापडाने अंग हलकेच टिपायचं आणि तारा पुसायच्या, कारण घामातलं मीठ तारांना खातं. बोटांचे ठसे गेलेच नाहीत तर त्या जागी तोंडाची वाफ सोडायची, किंवा कापडाचा कोपरा जेमतेम ओला करून पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. मेण किंवा सिलिकॉन घातलेलं पॉलिश, फर्निचरचा स्प्रे, गाडीचं वॅक्स यातलं काहीही जवळ येऊ द्यायचं नाही. ते खरखरीत पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतं आणि ओशट किंवा पांढरट चट्टे पाडतं.

मावशींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, मग मी काय करायचं?" त्यांच्या हातात फिनेलच्या पाण्यातून पिळलेलं फडकं होतं. काहीही न करणं हेसुद्धा काम असतं, हे पटायला त्यांना वेळ लागला. आता त्या गिटारवरून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जातात आणि सोसायटीत सांगतात की दादांची ती वस्तू सोवळ्यात असते.

कापडाच्या प्रश्नावर मात्र मी हरलो. दुकानात गिटारसाठी खास मायक्रोफायबर कापड मिळतं. त्याची किंमत ऐकून वडील आत गेले आणि स्वतःची जुनी बनियन घेऊन आले. त्यांचं म्हणणं खरं आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड उत्तम चालतं, फक्त शिवणी टाळायच्या.

आई जिंकली ती फ्रेटबोर्डवर. तारांखालची ही फळी भारतीय रोझवूडची. भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसवी लाकूड, आणि आपल्या दक्षिणेच्या जंगलातलं हेच लाकूड अमेरिकेतल्या गिटार कारखान्यांत जातं. १८३३ पासून गिटारी बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास ब्राझीलचं रोझवूड सोडून पाठीला आणि कडांना आपलं शिसवी लावायला सुरुवात केली. हे कळल्यावर आईचा गिटारकडे बघण्याचा दृष्टिकोन एका क्षणात बदलला. ती आता परकी राहिली नाही, पाटाची लांबची बहीण निघाली. आणि पाटाची बहीण म्हटल्यावर खोबरेलाची बाटली आलीच.

शिसवी फ्रेटबोर्डवर बहुधा लॅकर नसतो, त्यामुळे त्याला तेल लागतं हे खरं. पण वर्षातून एकदा-दोनदा, तारा बदलताना, खनिज तेलाचे चार थेंब, तेही लगेच पुसून काढायचे. स्वयंपाकघरातली तेलं कालांतराने खवट होतात. लॅकर दिलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तर तेल नकोच. आईने बाटली ठेवली आणि तिची नजर फ्रेट्सकडे वळली. "या पट्ट्या कशाच्या?" मी सांगितलं, निकेल सिल्व्हरच्या. ती लगबगीने रांगोळीचा डबा घेऊन आली. निकेल सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "तांबं आहे ना? मग चिंच आणते."

पावसाळ्यात सगळं घर गिटारच्या प्रकृतीसाठी एकत्र आलं. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; जुलैत आपल्याकडे ती ८० च्या पुढे असते. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात आणि दाबताना बोटं रडतात. त्याच्या उलट नागपूरच्या मे महिन्यात फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेट्सची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला ओरखडतात. आईने भिजलेल्या फोनवर करतात तो तांदळाचा प्रयोग सुचवला, पण गिटार मावेल एवढी कणगी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नसते. शेवटी बुटांच्या खोक्यांतल्या आणि औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करून केस घट्ट बंद केली. बाहेरून मंदपणा सिलिकाचा, आतून पथ्यही सिलिकाचं.

खरं संकट दोन बाजूंनी येतं. एक डासांकडून. संध्याकाळी बाल्कनीत वाजवायचं तर अंगाला क्रीम लावावं लागतं, आणि ज्या क्रीममध्ये डीईईटी नावाचं रसायन असतं ते लॅकर मऊ करतं. नेमका क्रीम लावलेला हातच गिटारवर टेकतो. म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, घाम गाळत, डासांना चेहरा दान करून वाजवतो. दुसरं संकट खंडेनवमीचं. त्या दिवशी स्कूटर, शिवणयंत्र आणि मिक्सरबरोबर गिटारही पाटावर आली, आणि आई हळदीत बोट बुडवून पुढे सरसावली. हळद कोऱ्या लाकडात शिरली तर ती पुढच्या खंडेनवमीपर्यंतच काय, नातवंडांपर्यंत टिकेल. वाटाघाटी होऊन असं ठरलं की हळदकुंकू केसवर वाहायचं, गिटारला लांबून नमस्कार करायचा.

एवढं सांभाळूनही हात टेकतो तिथे चमक येणारच, आणि तिला औषध नाही. ती यावी अशीच वाद्याची इच्छा असते. अमेरिकेचा कंट्री गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच मार्टिन एन-२० गिटार वाजवतो. 'ट्रिगर' हे तिचं नाव. ती बोटांनी वाजवायची नायलॉनच्या तारांची गिटार, त्याने प्लेक्ट्रमने वाजवून साउंडहोलच्या शेजारी आरपार भोक पाडलं. तिचा फोटो आईला दाखवला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "याच्याकडे आपल्यापेक्षा जोरात पुसणारी बाई दिसते."

तर ज्यांच्या घरी सॅटिनची गिटार आहे त्यांना एकच विनंती. ती वाजवून वाजवून झिजली तर खुशाल झिजू द्या, पुसून पुसून झिजवू नका. आणि हाताला चैनच पडत नसेल तर स्वयंपाकघरात कुकर आहे, त्याला हवं तेवढं चमकवा.