ग्रीक देव ताटलीत कसे मिरवावेत

घराण्याला इतिहास नाही म्हणून खंत करू नका. व्हिएन्नाच्या जुन्या बाजारात तो सोनेरी कडेच्या पोर्सिलेनच्या ताटलीवर रंगवून मिळतो. फक्त पुढचा क्रम पाळा.

1. चित्र निवडा. झिरझिरीत वस्त्रांतल्या दोन-तीन देवी, पायाशी पंखवालं गुटगुटीत बाळ, मागे एखादा खांब. कथा कोणती, या फंदात पडू नका. बाळाच्या हातात धनुष्य असेल तर 'क्यूपिड' म्हणा. नसेल तर धनुष्य हरवलंय म्हणा.

2. सही शोधा. कोपऱ्यात 'कॉफमन' दिसलं की डोळे मिटून मान डोलवा. अँजेलिका कॉफमन म्हणजे 1768 साली स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सदस्यांतल्या दोन स्त्रियांपैकी एक. बाई 1807 साली रोममध्ये वारल्या. तुमची ताटली मात्र बहुधा त्या शतकाच्या अखेरीला, नाहीतर त्याहूनही नंतर भट्टीतून निघाली. मेल्यावरही इतकं काम करणारी चित्रकार विरळाच! भिंग मात्र घरीच ठेवा. भिंगाखाली देवीच्या गालावर छपाईचे ठिपके दिसतात, आणि देवीला गोवर झालाय हे कुणाला पटत नाही.

3. आता ताटली पालथी करा. निळं मधमाश्यांचं पोळं दिसेल. दुकानदारही त्याला पोळंच म्हणेल. तुम्ही हळूच ताटली फिरवा: पोळं उलटलं की ढाल होते. ही व्हिएन्नाच्या राजकारखान्याची खूण. कारखाना 1864 साली बंद पडला. ढाल इतरांच्या भट्ट्यांतून पुढेही निघत राहिली. हे दुकानदाराला भाव ठरवताना सांगा, पाहुण्यांना कधीच नको.

4. जेवायचं कशात, हा प्रश्न गरिबांचा. जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्याची सूत्रं हाती असलेल्या काउंट ब्रूलने 1737 नंतरच्या चारेक वर्षांत स्वतःसाठी हंस आणि समुद्रदेवतांनी नटलेली दोन हजारांहून जास्त नगांची भांडी घडवून घेतली. तुमच्याकडे एकच नग आहे, तेव्हा तो भिंतीवर टांगा. मेजावर मांडायचाच असेल तर व्हीनसच्या तोंडावर उकडलेला बटाटा येणार, याची मनाची तयारी ठेवा.

5. पाहुण्यांत एखादा जाणकार निघाला आणि ताटली उलटून बघायला हात पुढे करू लागला, तर घाबरू नका. ताबडतोब तिच्यात गरम सूप वाढा.