बोटांचा भाव

दिवाळीच्या तोंडावर चांदूर बाजाराकडं सोयाबीन निघतं. बाजार समितीत त्याचा भाव रोज हलतो. मजुराच्या बोटांचा भाव मात्र नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात पक्का बांधलेला आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका आणि करंगळी प्रत्येकी 7. अंगठा सोडून चारही बोटं सुटी धरली तर बेरीज 40. एकदम गेली तर 50. ठोक मालाला जास्त भाव देणारा बाजार दुसरा नसेल!

थ्रेशरमध्ये हात गेला की शेतमालक थ्रेशरवाल्याकडं बोट दाखवतो, थ्रेशरवाला मजुराकडं. "हात घातलाच कायले बे?" दाखवायला बोट उरलेलं नसतं ते एकट्या मजुराचं. मग दवाखान्याचं बिल, वर हजार-दोन हजार. मिटलं.

कायदा एवढा उदार मिटवामिटवी करत नाही. मजुराचा नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण ठरत नाही, आणि महिनाभरात पैसे दिले नाहीत तर व्याज चढतं.

दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. तोवर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, शाबूत असला तरी.