वांग्यावरचा आळ

चेहऱ्याला खाज सुटली की पहिला आळ येतो वांग्यावर. मग मिरचीवर, मग शेंगदाण्यांवर, मग बोअरच्या पाण्यावर. आमच्या नगर जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षारच इतके, की त्याच्यावर कुठलाही आरोप खपून जातो. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाणी तेच राहिलं.) त्यानंतर हवा, अंगातली उष्णता, सुनेनं बदललेला साबण. आणि सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी दोनदा खोदून विचारल्यावर, कलप. यावरून माझा एक सिद्धांत तयार झाला आहे : वस्तू जितकी लाडकी, तितका तिच्यावरचा संशय उशिरा. वांगं सोडायला काहीच लागत नाही, उलट पथ्य पाळल्याचं पुण्य पदरात पडतं. कलप सोडायचा म्हणजे वय सांगायचं. मी स्वतः कलपपंथीय असल्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो. रोज तोंडाला, केसांना, कपाळाला लावायच्या वस्तूंची ॲलर्जी शोधणं हे वैद्यकशास्त्राला फारसं जड नाही. घोडं अडतं ते रुग्णाच्या कबुलीजबाबापाशी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘वीस वर्षं हाच कलप लावतोय, आजच काय झालं?’ आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो अशिलाच्याच विरुद्ध जातो. स्पर्शाची ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. कलपातलं पॅराफेनिलिनडायअमिन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, त्याचे रेणू इतके लहान की ते कातडीत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्याची नोंद घेतात. ही नोंद पक्की व्हायला कुणाला दोन आठवडे पुरतात, कुणाला वीस वर्षं लागतात, आणि एकदा झालेली नोंद बहुधा जन्मभर पुसली जात नाही. वीस वर्षांच्या निष्ठेने कलप निर्दोष ठरत नाही. तेवढ्या काळात त्याला तेवढ्या संधी मिळाल्या, इतकंच. त्यात ही प्रतिक्रिया सावकाश येते. पित्ताच्या गांधी मिनिटांत उठतात आणि काही तासांत जिरतात. हिला एक ते तीन दिवस लागतात. रविवारी घरचे झोपलेले असताना मिशीला कलप लागतो, सोमवारी रात्री भरीत होतं, मंगळवारी वरचा ओठ सुजतो. पंचांनी काय निकाल द्यावा? नखांच्या रंगाची तर आणखी गंमत. त्याची ॲलर्जी नखांपाशी दिसण्याऐवजी पुष्कळदा पापण्यांवर दिसते, कारण तिथली कातडी सर्वांत पातळ आणि दिवसभरात बोटं तिथे जातात. म्हणजे गुन्हा एकीकडे, जखम दुसरीकडे, आणि वांगं तुरुंगात. आमचा जिल्हा सहकारी साखर कारखान्यांचा. कारखान्याची निवडणूक लागली की फ्लेक्सवर सत्तरीच्या उमेदवाराच्या डोक्यावर जी काळी रात्र पसरते, ती पाहिल्यावर प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात इतक्या नेत्यांना ‘उन्हाचा त्रास’ का होतो, असा प्रश्न पडायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सोवळा : ‘आम्ही नैसर्गिकच वापरतो.’ मेहंदीच्या पानांचा खरा रंग तांबूस-केशरी. पुडी जेव्हा केस कुळकुळीत काळे करते, तेव्हा बहुतेक वेळा त्यात पानांच्या जोडीला तेच पीपीडी असतं. खोक्यावर पानांचं चित्र असतं एवढंच. कुंकू मूळचं हळदीचं. चुन्यासारखा क्षार लागला की हळद लाल होते. आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातलं केम हे गाव तर कुंकवावरच नावारूपाला आलं. पण लाल दिसतं ते सगळंच हळदीचं नसतं. बाजारातल्या स्वस्त पुडीत कृत्रिम रंग असू शकतात, आणि कुंकवामुळे कपाळावर उठलेल्या इसबाच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. खुद्द हळदही क्वचित कुणाला सोसत नाही. निसर्गाने आपल्या कातडीशी कसलाही करार केलेला नाही. बिब्बा नैसर्गिकच आहे, तो गालाला लावून पाहायची कुणाची तयारी नसते.

आता थोडं विषयांतर. आपल्याकडे जिल्हाभूषण, तालुकारत्न, समाजगौरव अशा पुरस्कारांना तोटा नाही. शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं नाही असा गृहस्थ शोधावा लागेल. पण अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याही क्षेत्रात आपल्यावर मात केली आहे. ‘अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी’ ही त्यांची संस्था २००० सालापासून दरवर्षी एका पदार्थाला ‘ॲलर्जेन ऑफ द इयर’ जाहीर करते, म्हणजे वार्षिक कंडूभूषणच. २००६ चा मान आपल्या पीपीडीला मिळाला, २००७ चा सुगंधी द्रव्यांना, २००८ चा निकेलला. २०२३ चा मानकरी लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. नगरच्या माळरानांवर इतके कळप चरतात, पण एकाही मेंढीचा सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही. २००५ साली तर स्टेरॉइड निवडले गेले, जे या खाजेवरचं औषध आहे! चोर पकडायला बोलावलेल्या फौजदारालाच चोरीचं पारितोषिक. आणि २०१९ साली परीक्षक मंडळाने कळस केला : पॅराबेन या परिरक्षकांना ‘नॉन-ॲलर्जेन’ असा उलटा पुरस्कार दिला, कारण त्यांच्यामुळे ॲलर्जी फारच क्वचित होते. आपण मात्र ‘पॅराबेन-फ्री’ वाचून दुप्पट पैसे मोजतो, आणि पॅराबेनच्या जागी जे परिरक्षक घातलेलं असतं ते कधीकधी २०१३ चं विजेतं मिथाइलआयसोथायझोलिनोन निघतं. निकेलबद्दल आणखी एक. खोट्या दागिन्यांत ते असतं आणि त्याची ॲलर्जी अतिशय सार्वत्रिक आहे. पण जगातली ही एकमेव ॲलर्जी असेल जी मिरवली जाते. ‘मला बाई खोटं धरतच नाही’ हे वाक्य नगरच्या कापड बाजारातल्या दुकानात ज्या स्वरात उच्चारलं जातं, त्या स्वरात कुणी ‘मला मधुमेह आहे’ म्हणत नाही. अशांच्या माहितीसाठी : २००१ चा पुरस्कार सोन्याला होता. ही बातमी सराफांनी अजून फोडलेली नाही.

टिकलीपाशी मात्र माझा सिद्धांत लंगडा पडतो. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं; अलाहाबादच्या डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ते गोंदात मोकळं सापडल्याचं आणि त्याने कातडीचा रंग जात असल्याचं नोंदवलं. ते रंगपेशींनाच मारतं. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, कधी खाजेनंतर, कधी खाजेशिवायच. गाव त्याला कोड म्हणतं. मग डाग झाकायला बाई मोठी टिकली लावते, म्हणजे आणखी मोठा गोंद, आणि काही महिन्यांनी आणखी मोठा डाग. याला नखरा म्हणायची माझी हिंमत नाही. डॉक्टर सहजपणे म्हणतात, ‘टिकली बंद करा.’ पण ज्या राज्यात विधवेचं कुंकू पुसू नये यासाठी हेरवाडसारख्या गावाला ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करावा लागला, त्या राज्यात सवाष्णीने रिकाम्या कपाळाने हळदीकुंकवाला जाणं म्हणजे काय, हे औषधाच्या चिठ्ठीत मावत नाही. माझा कलप सुटला तर माझी ऐट जाईल. तिची टिकली सुटली तर चार जणी तिच्या नवऱ्याची प्रकृती विचारतील. आणि खरा संताप याचा येतो, की दहा रुपयांच्या पाकिटावर टिकल्या किती हे छापलेलं असतं, गोंदात काय आहे हे कुठल्याही पाकिटावर माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. निदान झोपताना टिकली काढावी, आणि खाज किंवा पुसट रंग दिसताच गोंदाची टिकली थांबवावी. लवकर थांबवलं तर काहींचा रंग परत येतो. आणि घरच्यांना एकदा स्पष्ट सांगावं, की हा डाग गोंदाचा आहे, कुणाला लागत नाही आणि वंशातून येत नाही.

‘म्हणजे सगळं खापर प्रसाधनांवरच?’ हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. बांधावरचं गाजर गवत हा आपल्याकडचा पुराणा आरोपी. पन्नासच्या दशकात ते पुण्यात प्रथम नजरेत भरलं, आणि पुण्याचे डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली त्याच्या त्वचारोगावर लिहिलं. त्याचे वाळलेले कण हवेतून येऊन पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसतात, आणि बिचारी फेस क्रीम बदनाम होते. शेवंतीही त्याच कुळातली, तेव्हा गाजर गवत न सोसणाऱ्यांना वेणीही छळू शकते. म्हणूनच अंदाजाने एकेक वस्तू टाकून देण्यापेक्षा पॅच टेस्ट बरी. ही युक्ती यादासोन या जर्मन डॉक्टरने १८९५ साली मांडली आणि आजही तीच चालते : संशयित पदार्थ पाठीवर चिकटवायचे, ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहायचं, पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास पाहायचं. तोवर पाठ ओली करायची नाही, घाम गाळायचा नाही. नगरच्या मे महिन्यात हे कुणाला जमणार नाही, तेव्हा दिवाळीनंतर जावं. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे त्वचारोग विभाग आहेत. ही तपासणी होते का, ते आधी फोनवर विचारून घ्यावं. मेडिकलवाल्याकडून ‘ती गोरं करणारी ट्यूब’ मात्र आणू नये. तीत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि २०१८ पासून कातडीला लावायची चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, दुकानदार ती कितीही हसून देवो.

तेव्हा विनंती एवढीच. डॉक्टरकडे जाताना घरातलं सगळं एका पिशवीत भरून न्या : साबण, पावडर, टिकलीचं पाकीट, डोक्याचं तेल, बाम, नखांचा रंग, आणि कपाटाच्या वरच्या खणात मागे ढकललेला कलपाचा डबाही. त्या डब्यावर कायद्याने एक सूचना छापलेली असते : आधी थोडा लावून चाचणी घ्या, आणि पापण्या-भुवयांना लावू नका. मिशीचा त्यात उल्लेख नाही. ती तुमची तुम्ही समजून घ्या.