ऐकलं का, देवपूरच्या वहिनी दहा दिवस गप्प होत्या!

माय वं! काय दिवस आले म्हणायचे खान्देशावर. धुळ्यातल्या देवपूरच्या वहिनी, ज्यांचा आवाज ऐकून गल्लीतला दूधवाला परत फिरतो, त्या वहिनी सलग दहा दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. घसा बसला नव्हता, सुनेशी वाजलं नव्हतं, की दाढ काढली नव्हती. पिशवीत चार सुती ड्रेस आणि एक शाल घालून बाई स्वतःच्या पायांनी डेडरगाव तलावाकडच्या ‘धम्म सरोवर’ केंद्रात गेल्या, मोबाइल जमा केला आणि विपश्यनेला बसल्या.

गल्लीत बातमी फुटली तेव्हा भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला. “काय सांगी राहिनी! दहा दिन बोलानं नही? मंग मानूस जगस कसा?”

पुढचं ऐका, याहून भयंकर आहे. पहाटे चारला घंटा. दिवसभरात दहा तास मांडी घालून बसायचं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, शेजारणीला डोळ्यांनी खुणावायचंसुद्धा नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. कोणाचा, तर आपलाच! चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या. पायाला मुंग्या आल्या तर पाहायच्या, नाकावर खाज सुटली तर खाजवायची नाही, पाहायची. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ. पुन्हा आलेल्या जुन्या साधकांना तर नुसतं लिंबूपाणी. ज्या मुलखात शेवभाजीच्या तर्रीला डोळ्यांतून पाणी आलं नाही तर आचारी बदलतात आणि भरिताच्या पार्टीला रात्री अकराच्या आत पंगत बसणं अपशकुन मानतात, तिथली माणसं हे सगळं हौसेनं करतात!

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं म्हणे, म्हणजे शिबिरातल्या बायांना माणसांत परत येण्याआधी थोडा सराव मिळतो. वहिनींनी तो सराव पुरेपूर केला असणार, कारण घरी आल्या त्या थेट प्रवचन घेऊनच. “सगळं अनित्य आहे,” असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासरे पंच्याऐंशीचे. ते म्हणाले, “ते मला ठाऊक आहे, चहा टाक.”

आता व्यापारी पेठेला बसलेला धक्का ऐका. या शिबिराला पैसे पडत नाहीत. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीही फी नाही. जो शिबिर पूर्ण करून जातो, त्यानं वाटलं तर पुढच्यासाठी दान द्यायचं. सराफ बाजारातल्या एका शेटजींनी हे तीनदा विचारून घेतलं. “फुकट? मग यात गोम काय?” गोम काढायला ते इतिहासात शिरले, आणि तिथे त्यांना चक्क व्यापारीच भेटला. सत्यनारायण गोयंका मारवाडी घराण्यातले, १९२४ साली मंडालेत जन्मलेले. धंद्यात बरकत, पण डोकं असं ठणकायचं की औषधांनी हात टेकले. तेव्हा ते रंगूनला सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. हे सयाजी कोणी जटाधारी नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते! हिशेबनीस माणूस मनाचा ताळेबंद शिकवतो आणि मारवाडी तो भारतात आणतो, हे कळल्यावर शेटजींचा विरोध निम्म्यावर आला. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, आणि आता मुंबईला जाणाऱ्या गाडीत इगतपुरी आली की वडापावाबरोबर कोणीतरी शिबिराचा अनुभवही देतंच. गोराईच्या विपश्यना पगोड्याचं २००९ मध्ये लोकार्पण केलं ते राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी, म्हणजे आपल्याच बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या लेकीनं. आठ हजार माणसं मावतील एवढा घुमट आणि आत एकही खांब नाही! तेव्हा या प्रकरणात खान्देशाचा हात नाही, असं कोणी म्हणू नये.

सरकारही सामील आहे बरं. राज्य सरकारी नोकरांना शिबिरासाठी रजा मिळते आणि शाळांमध्ये ‘मित्र उपक्रमा’त पोरांना डोळे मिटून श्वास पाहायला बसवतात. साहेब जागेवर का नाहीत, याचं एक नवीन आणि पवित्र कारण जनतेला मिळालं.

धुळं असं गप्प बसत चाललंय, तर जळगाव सजत चाललंय. महाबळपासून रिंग रोडपर्यंत कोणाच्याही नव्या बंगल्याची वास्तुशांत जेवायला जा. फाटकातून आत शिरलं की पाच फुटी फायबरचा बुद्ध, त्याच्यामागे बांबूचं झाड, पुढ्यात मोटर लावून फिरवलेलं पाणी. हॉलमध्ये नुसतं मस्तक, तेही सोनेरी. धड कुठे गेलं, हे विचारायचं नाही. जिन्याखाली एक, बाथरूमच्या शेल्फवर एक, अगरबत्ती लावायला एक. इंटिरिअरवाला सांगतो, “काका, पीसफुल लुक येतो.” पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तो पीस एसी लावल्यावरच येतो, ही गोष्ट वेगळी.

हीच मंडळी केळीचा भाव चांगला लागला की बँकॉकला जातात. तिथे रस्त्याच्या कडेला मोठे फलक असतात, की बुद्ध ही शोभेची वस्तू नाही, मान राखा. श्रीलंकेनं तर २०१४ मध्ये दंडावर बुद्ध गोंदवून आलेल्या एका ब्रिटिश बाईला देशाबाहेर काढलं होतं. आमच्या मंडळींनी बँकॉकच्या फलकापुढे उभं राहून फोटो काढला आणि येताना बॅगेतून दोन मस्तकं आणली. त्या बॅगेतून आणखी काय काय आलं, ते आज नको.

दुकानाच्या गल्ल्यावर मात्र दुसराच बसलेला असतो. टक्कल, सुटलेलं पोट, खांद्यावर गाठोडं आणि बत्तीशी उघडी. सराफ बाजारात एका काउंटरवरच्या मूर्तीचं पोट पाहा जरा जवळून: अंगभर सोनेरी रंग शाबूत, पोटावर मात्र घासून घासून पांढरी माती दिसू लागली आहे. सकाळी बोहनीच्या आधी मालक चोळतो, मालक जेवायला गेला की नोकर चोळतो. स्वतः विकत घ्यायचा नाही, कोणी भेट दिला तरच फळतो म्हणे. त्यामुळे वाढदिवसाला एकमेकांना देऊन अख्ख्या बाजाराची सोय झाली आहे.

आता कानात सांगतो, हा गौतम बुद्ध नव्हेच! हा पुताई नावाचा दहाव्या शतकातला चिनी भिक्षू. गाठोडं घेऊन गावोगाव हिंडायचा, पोरांत रमायचा, आणि पुढे येणारा मैत्रेय बुद्ध तो हाच, असं लोक मानू लागले. आपला सिद्धार्थ पाहायचा तर लाहोरच्या संग्रहालयातली गांधार शैलीतली उपाशी मूर्ती पाहावी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी काया! तिजोरीशेजारी ती ठेवायला कोणी धजेल का? गिऱ्हाईक उधारी मागायचं विसरून यालाच डबा आणून देईल.

पण एकट्या जळगावला नावं ठेवून कसं चालेल? या माणसाला ज्यानं त्यानं आपल्या मापाचे कपडे चढवले आहेत. ख्रिस्ती जगानं काय केलं, माहीत आहे? राजपुत्राला दुःख दिसू नये म्हणून बाप महालात कोंडतो, तरी पोरगा म्हातारा आणि रोगी पाहतोच आणि राज्य सोडतो. ही गोष्ट फिरत फिरत अरबीत गेली, तिथून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिनमध्ये, आणि बोधिसत्त्वाचा झाला संत जोसाफात! रोमन चर्चच्या जुन्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. म्हणजे युरोपातले भाविक शेकडो वर्षं नकळत बुद्धापुढे मेणबत्त्या लावत होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहणाऱ्या दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या लक्षात आलं की या दोन कथा फारच सारख्या आहेत. पण नक्कल कोणी केली असेल, तर त्याच्या मते बुद्धवाल्यांनी!

आपण तरी कुठे सोडला? जुन्या पंचांगांवरची दशावतारांची चित्रं काढून पाहा. नवव्या जागी, म्हणजे बुद्धाच्या जागी, कमरेवर हात ठेवून विठोबा उभा. तिकडे अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखणाईतांसाठी एक वर्ग काढला, त्यात ध्यान ठेवलं आणि बुद्धाचं नाव बाजूला काढलं. तीच पुडी आता कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूममधून पुण्याच्या आयटीवाल्या पोरांना मिळते, आणि पोरं दिवाळीला घरी येऊन आईला ‘माइंडफुल’ जेवायला शिकवतात. जिनं कापूस वेचताना एकेक बोंड पाहून वेचलं तिला!

गंमत अशी की ही सगळी उलाढाल चालली आहे अजिंठ्याच्या दारात. लेणी दुसऱ्या जिल्ह्यात मोडतात, पण साऱ्या जगाचे पाहुणे उतरतात जळगाव स्टेशनवर. वाघुर नदीच्या त्या वळणावर इसवी सनाआधीपासून छिन्नी चालली. पाचव्या शतकात वाकाटक हरिषेणाच्या काळात तर राजे, मंत्री आणि भिक्षू यांच्यात लेणं खोदून द्यायची अशी चढाओढ लागली की आजच्या बंगलेवाल्यांनी लाजावं. मग सगळं ओस पडलं. २८ एप्रिल १८१९ ला वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याला लेण्याची कमान दिसली. त्यानं दहाव्या लेण्यात शिरून काय केलं असेल? चित्रावर स्वतःचं नाव, पलटण आणि तारीख कोरली! किल्ल्यावर बदाम कोरणाऱ्या आमच्या पोरांना उगाच बोलतात लोक.

आता मूळ भानगडीकडे येऊ. हा बुद्ध घरात घेतला खरा, पण तो म्हणतो काय, हे कोणी विचारलं का? आम्ही चौकशी केली आणि हबकलो. हा नवस घेत नाही. जगाचा कर्ता-करविता कोणी नाही म्हणतो, म्हणजे रदबदली करायला वरती ओळखच नाही. अमर आत्मासुद्धा नाही म्हणतो. तृष्णा हेच दुःखाचं मूळ म्हणतो; आणि हे कुठे सांगतोय, तर सोन्याच्या बाजारात! सगळ्यात कहर म्हणजे जन्मानं कोणी उच्च-नीच नाही, माणूस कर्मानं ठरतो म्हणतो. अशा माणसाला हॉलमध्ये बसवून त्याच्याच समोर सोफ्यावर स्थळं पाहायची, आणि पहिला प्रश्न जातीचा! तो डोळे मिटून बसतो ते बरंच.

ज्यांनी त्याला अख्खा घेतला, ते लोक महाबळच्या बंगल्यांपासून फार लांब राहत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा त्यांच्या बावीस प्रतिज्ञांत स्वच्छ होतं, की बुद्ध विष्णूचा अवतार नाही. पंचांगवाल्यांचा हिशेब एका वाक्यात मिटला. २०११ च्या जनगणनेत देशातले ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रातले. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब १९३७ साली मुक्कामाला होते. त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तिथे पावसाची पर्वा न करता माणसं लोटतात. महामार्गावर गाड्या खोळंबतात, आणि त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर छोटा बुद्ध डुलत असतो. आतला माणूस काच वर करून म्हणतो, “आज काय आहे इथे?”

आणि आता आजची ताजी खबर. महाबळच्या एका काकू, पाच फुटी फायबरवाल्या, यंदा वैशाख पौर्णिमेला रस्ता ओलांडून विहारात गेल्या! तीस वर्षं तो रस्ता त्यांना गाडीतूनच माहीत होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया ओळीनं बसल्या होत्या, त्रिशरण-पंचशील झालं, मग खिरीचं वाटप. काकूंनी खीर खाल्ली. दुसऱ्यांदा घेतली. वेलदोडा किती घातला, ते विचारलं. मग शेजारच्या म्हाताऱ्या उपासिकेला हळूच विचारलं, “आजी, याला मागायचं काय असतं?”

“याले काय मांगशीन?” आजी म्हणाल्या. “हा देत नही. आपणच शब्द द्यायचा.” आणि बोटांवर मोजून दाखवलं: हिंसा करायची नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, नशापाणी नाही. मधलं एक बोट राहिलं होतं, ते शेवटी धरलं. खोटं बोलायचं नाही. त्यातच चहाडी आली, टोचून बोलणं आलं आणि रिकामी बडबडही आली.

झालं! पहिल्या चारांना आमची हरकत नाही, ज्याचा तो पाहील. पण चहाडी आणि रिकामी बडबड? म्हणजे हा बुद्ध थेट आमच्याच पोटावर उठला की! काकू त्या दिवसापासून खरंच काही सांगेनाशा झाल्या आहेत. शेजारच्या बंगल्यात रात्री कोणाची गाडी थांबते, त्यांना पक्कं ठाऊक आहे. विचारलं तर म्हणतात, “मी पाहिलं नाही बाई.” ही साथ रिंग रोडपर्यंत पसरली तर उद्या अख्ख्या जळगावात कोणाला कोणाचं काही कळायचं नाही. मूर्त्या पाहिजे तेवढ्या आणा, बागेत ठेवा, बाथरूममध्ये ठेवा. पण त्याचं ऐकायला लागू नका, एवढीच समस्त खान्देशवासीयांना आमची हात जोडून विनंती आहे. आणि हो, त्या गाडीचा नंबर कोणी टिपला असेल, तर कळवा.