नारोशंकराच्या घंटा

इंग्लंडात काही हौशी मंडळी घराच्या गॅरेजात नाहीतर बागेतल्या खोपटात छोट्या घंटांचा खासगी संच टांगतात. गाणं वाजवायचं नाही. दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा आणि एकदा झालेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे क्रम ७२०, आठांचे ४०,३२०. आठांचे हे सगळे क्रम १९६३ साली लफबरोत सलग वाजवले, तेव्हा जवळजवळ १८ तास लागले. पुण्यात पंचहौदच्या चर्चच्या मनोऱ्यातही अशा आठ घंटा आहेत.

आम्हा नाशिककरांचा हिशेब सोपा. घंटा एकच, नारोशंकराची! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली. नारोशंकरांनी बांधलेल्या पंचवटीतल्या रामेश्वराच्या देवळावर बसून ती वाजण्यापेक्षा पूरच जास्त मोजते. गोदावरीचं पाणी तिला टेकलं की महापूर.

घसा फाडून बोलणाऱ्यालाही आम्ही तिचंच नाव देतो. अशा खासगी घंटा आमच्याकडे घरटी एक. फरक एवढाच, की तिकडचे लोक पाळी येईपर्यंत दोर धरून गप्प उभे राहतात. आमच्या सोसायटीच्या सभेत सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि क्रम कधीच बदलत नाही: पाणी, पार्किंग, पुन्हा पाणी.