पार्किंगमधल्या रणगाड्याच्या मालकांस

राजमान्य राजश्री, पार्किंग क्रमांक बी-चौदाचे धनी यांसी,



सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या थारला नवं ग्रिल बसल्याचं पाहिलं. मूळच्या ग्रिलमध्ये ती बापडी शांत, जराशी निरागसच दिसायची. आता गोल दिव्यांवर दोन तिरक्या भुवया आल्या आहेत आणि ती पहाटे सहापासून उभ्या जागी रागावलेली असते. दूधवाल्यावर, शाळेच्या बसवर, फुलपुडी आणणाऱ्या आजींवर. नाना पेठेतल्या गाड्यांच्या दुकानांत याला 'अँग्री ग्रिल' म्हणतात, अशी माहिती वॉचमननं पुरवली. एवढा राग नेमका कशाचा, हे त्यालाही सांगता आलं नाही.

हे पत्र लिफाफ्यात घालून तुमच्या दाराखालून सरकवता आलं असतं. पण तुमचे गुरुबंधू गावोगाव आहेत आणि प्रत्येकाच्या दाराखाली सरकवायला माझे गुडघे साथ देत नाहीत. म्हणून खुलं.

एक गोष्ट सांगितली तर तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो. तुमच्या हाती येण्यापूर्वीही ही गाडी गाडीच होती. चेन्नईजवळच्या महिंद्र रिसर्च व्हॅलीत पगार घेणारी काही माणसं बसतात. जमिनीपासून पोट २२६ मिलिमीटर उंच ठेवावं, ६५० मिलिमीटर पाण्यातून गाडी जावी, नाक चढाला आणि शेपूट उताराला टेकू नये, असलं काहीबाही त्यांनी ठरवलं. नाशिकच्या कारखान्यानं त्याबरहुकूम ती बांधली. ग्लोबल एनकॅपनं २०२० मध्ये ती भिंतीवर आपटून बघितली आणि मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे दिले. एवढं सगळं झाल्यावर ती तुमच्याकडे आली आणि तुम्ही पहिल्याच शनिवारी म्हणालात, 'आता हिला जरा नीट करून घेऊ.'

नीट करण्याची सुरुवात टायरांपासून झाली. कंपनीचे २४५/७५ आर १६ टायर काढून तुम्ही २८५/७५ आर १६ चढवले, तेही चिखलात चालायचे, दगडाएवढ्या गुठळ्यांचे. हिशेब मांडू या. जुन्या टायरचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर, नव्याचा ८३४. वाढ ६० मिलिमीटरची. पण चाकाचा आस मध्यावर असल्यामुळे गाडीचं पोट वर गेलं फक्त ३०. म्हणजे दोन बोटं. या दोन बोटांसाठी तुमचा स्पीडोमीटर आता खोटं बोलतो: काटा ८०वर असतो तेव्हा गाडी ८६नं चाललेली असते. चाक जड झालं, मोठं झालं, म्हणजे इंजिनावर तेवढा जास्त भार आला. चढावर तुम्ही गिअर पाडत बसता आणि 'पिकअप गेला' म्हणून मेकॅनिकला बोल लावता. शिवाय त्या गुठळ्या ओल्या डांबरावर नीट धरत नाहीत, ब्रेक लावल्यावर गाडी जरा उशिरा थांबते. जून ते सप्टेंबर पुण्यात डांबर किती कोरडं असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि टायर मडगार्डच्या बाहेर इतके आले आहेत की थोड्याशा पावसात तुमच्या शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याला आंघोळीचा वेगळा खर्च पडत नाही.

आता दिव्यांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मला वैयक्तिक रस आहे.

थारचे मूळ दिवे हॅलोजनचे, पिवळट आणि गरीब. ते तुम्हाला आवडले नाहीत, हे मी समजू शकतो. मलाही ते फारसे आवडत नाहीत. पण त्या दिव्याच्या पाठीमागची वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेला मोजून घडवलेली असते. डिपरचा उजेड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या खाली कापला जावा आणि डावीकडच्या कडेवर थोडा वर जावा, अशी ती युक्ती आहे. तुम्ही त्याच वाटीत बाजारचा एलईडी बल्ब खुपसला. उजेड तारेच्या जागेवरून निघतच नाही, त्यामुळे वाटीला काही कळेनासं झालं आणि तिनं तो चहूकडे उधळून दिला. डिपरवरही तुमची गाडी अप्परच देते. तरीही तुमचं समाधान झालं नाही. बंपरवर चार चौकोनी दिवे आले. टपावर काचेच्या रुंदीचा लाइट बार आला. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११वा नियम म्हणतो की गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा असेल तर अपवाद म्हणून, आणि तोही आधी आरटीओची परवानगी घेऊन. तुम्ही परवानगी घेतलीच असेल. दाखवायची राहून गेली असेल.

हा प्रकाशोत्सव मी कुंभार्ली घाटात अनुभवला. आपण सोसायटीचे लोक तीन गाड्यांनी गुहागरला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, 'मी शेवटी राहतो, कुणी अडकलं तर ओढून काढीन.' केवढा दिलासा वाटला! पाटण सोडल्यावर अंधार पडला आणि माझ्या वॅगन-आरच्या तिन्ही आरशांत एकदम तीन सूर्य उगवले. मी आतला आरसा वळवला, बाजूचे मिटले, आणि उरलेला घाट पाठीमागे काय आहे याची कल्पना करत उतरलो. समोरून येणारे एसटीचे चालक तुम्हाला डिपर देत होते. तुम्हाला वाटलं ते तुमच्या गाडीचं कौतुक करताहेत, म्हणून तुम्ही हॉर्नही वाजवलात. तोही तीन सुरांचा.

पाटणवरून आठवलं. त्या भागात वडापच्या जीपा चालायच्या. महिंद्रची कमांडर, टेम्पो ट्रॅक्स. खरं तर मॉडिफिकेशन त्यांनी करावं. मागे लोखंडी पायरी, टपावर कॅरिअर, आत आडव्या फळ्या. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक गिऱ्हाईक असायचं, त्यामुळे तो स्वतः अर्धा आणि स्टिअरिंग पूर्ण, अशा अवस्थेत गाडी हाकायचा. त्यात माणसं, कोंबड्या, युरियाची पोती आणि एखादी बाळंतीण एकाच फेरीत जायची, नांगरटीच्या शेताला रस्ता म्हणावं अशा वाटांनी. ते बेकायदा होतंच, धोक्याचंही होतं. त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिथे लावलेल्या प्रत्येक लोखंडाच्या तुकड्यावर कुणी ना कुणी उभं तरी असायचं. तुमच्या मागच्या शिडीवर आजवर फक्त सोसायटीची मांजर चढली आहे.

गुहागरला पोहोचल्यावर तुम्ही जे केलंत, ते माझ्या घरच्यांच्या मते मी लिहू नये. पण लिहिल्याशिवाय पत्राला अर्थ उरत नाही.

किनाऱ्यावर गाडी उतरवू नका, असं वाडीतला मुलगा सांगत होता. तो कासवमित्र होता. गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एकेका घरट्यात शंभरेक अंडी असतात, आणि गावातली पोरं पहाटे किनारा चालून ती उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. त्याच्या नजरेतून सुटलेलं एखादं घरटं तुमच्या गुठळ्यांखाली येऊ शकतं, एवढंच त्याचं म्हणणं. तुम्ही त्याला म्हणालात, 'अरे, ही ऑफरोड गाडी आहे.' त्यावर तो गप्प झाला. कासवं कुठल्या रोडवर अंडी घालतात, हे त्यानं विचारायला हवं होतं.

मग ती रुतली. साठेक पावलांत. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात, चाकं फिरली, वाळू उडाली, आणि ते दोन बोटं उंच झालेलं पोट निवांत वाळूवर टेकलं. भरती सुरू होती.

सगळं सामान असल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. टपावर नारिंगी रिकव्हरी बोर्ड होते. पण ते चोरीला जाऊ नयेत म्हणून तुम्ही कुलूप लावलं होतं आणि किल्ली पुण्यात, शू-रॅकवरच्या वाटीत होती. हाय-लिफ्ट जॅक होता. पण तो लावायला गाडीला मजबूत जागा लागते, आणि वाळूत खाली टेकवायला फळी लागते. दोन्ही नव्हतं. पुढच्या पोलादी बंपरवर लाल रंगाच्या दोन दणकट कड्या होत्या. दोर बांधून ओढल्यावर त्यातली एक हातात आली, कारण ती चॅसीला नव्हती, बंपरच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी लावलेली होती. कंपनीनं दिलेला टो हुक त्या बंपरच्या पोटात झाकून गेला होता.

तेव्हा तो कासवमित्र म्हणाला, 'साहेब, फोर बाय फोर टाका की.' मागच्या दारावर तसं लिहिलेलंच होतं, हातभर अक्षरांत.

तुम्ही जी शांतता पाळलीत, ती मी विसरणार नाही. आत वाकून बघितलं तर फोर बाय फोरचा दांडाच नव्हता. जानेवारी २०२३मध्ये ९.९९ लाखांपासून निघाली, ती दीड लिटर डिझेलची, नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थार तुमची. तिच्यात काही वाईट नाही. शहरात फिरणाऱ्याला पुढच्या चाकांचं ओझं वाहायचं कारणच काय? शहाणपणाची खरेदी होती. स्टिकर मात्र दोनशे रुपयांचा. वाचलेल्या पैशांतून तुम्ही जे काही वर चढवलंत, त्याच्या बेरजेत खरी फोर बाय फोर आली असती असं वाटतं; पण तो हिशेब तुमच्या घरात आधीच झाला असणार.

शेवटी त्या पोरानंच काडेपेटीतली काडी घेतली आणि चारही टायरांच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसून हवा सोडली. पस्तीसवरून अठराच्या आसपास. टायर बसले, पसरले, वाळूवरची पकड वाढली. मागून डिझेलच्या वासाचा आणि देवाच्या नावाचा जोर लावला, पुढून गावातला ट्रॅक्टर. बाहेर आली. चाकांतली हवा कमी करणं हे वाळूतलं सगळ्यात मोठं अपग्रेड आहे, त्याला एक काडी लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही. तुम्हाला ते आजवर का सुचलं नसेल, हे मी समजू शकतो.

स्नॉर्कलबद्दल बोलायचं राहिलं. स्नॉर्कलमुळे इंजिनाला हवा छपराच्या उंचीवरून मिळते. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच तसं घेऊन निघते. मात्र त्यातून हवा आत जावी लागते. तुमचं स्नॉर्कल दुहेरी टेपनं पत्र्यावर चिकटवलेलं आहे, त्यामागे भोकच नाही. पावसात टेप सुटल्यावर ते माझ्या कुंडीत पडलं होतं. परत ठेवलं आहे.

आता कायद्याचं जरा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-अ कलमात दर ठरवून दिला: बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. तुम्ही घाऊक गिऱ्हाईक आहात. तो पोलादी बंपर तर डिसेंबर २०१७पासूनच केंद्राच्या नजरेत आहे, कारण धडकेत चुरगळण्यासाठी केलेला पुढचा भाग तो चुरगळू देत नाही, एअरबॅगची वेळ चुकवतो आणि समोरच्या पायी माणसाला बंपरऐवजी रूळ लागतो. काचांवरची काळी फिल्म २०१२पासून बंद आहे. आणि ४१४१ला वळणं देऊन 'दादा' लिहिलेली नंबरप्लेट. तिच्याऐवजी कंपनीनं दिलेली सरकारी प्लेट तुमच्या डिकीत, स्टेपनीच्या पान्यांसोबत आहे. मी पाहिली.

तुमच्या भावाची आरटीओत ओळख आहे, हेही ठाऊक आहे.

मागण्या तीन. डिपर खाली करा. सायलेन्सर जुना बसवा. रविवारी पहाटे पाचला तुम्ही ताम्हिणीला धबधबा बघायला निघता तेव्हा इमारत बी मधली सतरा बाळं आणि त्यांच्या आज्या धबधब्याविनाच जाग्या होतात. आणि गाडी पार्किंगच्या रेषेत उभी करा. टायर बाहेर आल्यानं ती आता रेषेत मावत नाही हे मान्य, पण तो प्रश्न माझ्या स्कूटरचा नव्हे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बी-पंधरा

ता. क. दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांनी जिम्नी बुक केली आहे. काल लिफ्टमध्ये ते मला विचारत होते, तुमचं ते ग्रिल आणि दिवे कुणी बसवून दिले. दुकान बंद पडलं, असं मी सांगितलं आहे. तुमच्याकडे आले तर कृपया तेच सांगा.