चहाच्या चमच्यावर डोळा, पुड्याला मोकळं रान

साखरेने माणूस जाड होतो का? होतो. फक्त साखरेनेच होतो का? नाही. या दोन उत्तरांमधल्या फटीत एक अख्खा धंदा पाय पसरून बसला आहे आणि त्याची किंमत हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या गावातली लेकरं मोजताहेत.

कुरुंदाच का? कारण इथे साखरेशी नातं किराणा दुकानापुरतं नाही. टोकाई सहकारी साखर कारखाना याच गावचा. तालुक्यात पूर्णा प्रकल्पाचं पाणी आलं आणि त्यावर ऊस, केळी, हळद उभी राहिली. उसाचं बिल कधी जमा होतं यावर लेकीच्या लग्नाची तारीख ठरते. अशा गावात साखरेविरुद्ध बोललं की शेतकऱ्याच्या अन्नात माती कालवली असं वाटतं. पण विचारवंत नरहर कुरुंदकरांचं आडनाव ज्या गावावरून आलं, त्या गावाला अडचणीचा प्रश्न विचारायला कचरायचं कारण नाही.

आधी पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक मोठा आढावा जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांनी बाकी जेवण मनासारखं ठेवून साखर कमी केली, तेव्हा वजन सरासरी ८०० ग्रॅमने उतरलं. साखर वाढवली, तेव्हा जवळपास तेवढंच चढलं. पण साखर काढून तितक्याच कॅलरीचं दुसरं पिष्ट दिलं, तर वजनात फरक पडला नाही. साखरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य गळ्यातल्या ताइतासारखं मिरवलं : बघा, दोष साखरेचा नाही, कॅलरीचा आहे. अहो, पण कॅलरी मोजून साखर खातो कोण? गोड पेयाची बाटली रिचवल्यावर कुणी अर्धी भाकरी कमी खात नाही. द्रवातली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही. ती रोजच्या जेवणावर वरून पडते. खरी भानगड तिथेच आहे.

दुसरी गोष्ट यकृताची. साखर पचली की तिचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचं ओझं मात्र बहुतेक यकृतावर पडतं. थोडंथोडं आलं तर यकृत निभावून नेतं, भसाभस आलं की त्याची चरबी करून ठेवतं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं, त्याच्या कारणांमध्ये हे एक आहे.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे लठ्ठ माणसं आहेतच किती? रानात राबणारा माणूस काटकच असतो. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच देऊन ठेवलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचीच मोजमापं ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसं वरून सडपातळ आणि आतून चरबीची असू शकतात. पुण्याजवळच्या खेड्यांमधली बाळं जन्मतःच अशी असल्याचं याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका सुरू. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेला माणूस लठ्ठच धरायला हवा, मग गावात त्याला कुणी जाड म्हणो न म्हणो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख निघाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. आणि याच महाराष्ट्रात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. एकाच ओसरीवर आजोबांना ‘शुगर निघालेली’ आणि नातू वाढीत मागे. या दोघांच्या मधोमध पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आहे.

आपल्याकडे मधुमेहाचं निदान झालं की पहिला हल्ला चहावर होतो. सून सासूचा चहा फिका करते. डॉक्टर विचारतात, चहात साखर किती? ते विचारायलाच हवं, कारण चार चहा आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा रोज साधारण ५० ग्रॅम सांगते आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगलं म्हणते. २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे. तेव्हा चहाही निर्दोष नाही. पण चहातला चमचा निदान दिसतो. आज दोन, पुढच्या महिन्यात दीड, मग एक, हे आपल्या हातात असतं. गुळाचा चहा करून कुणी सुटका झाली असं समजू नये. गुळात थोडी खनिजं असतील, पण तो बहुतांश साखरच आहे आणि यकृताला रंग कळत नाही.

खरा हिशेब पुढे आहे. देशात दर वर्षी साधारण २ कोटी ८० लाख टन साखर खपते. डोई भागली तर दिवसाला ५० ग्रॅमच्या वर जाते, तान्ही बाळं धरून. रेशनवर अंत्योदय कुटुंबाला महिन्याला मिळते १ किलो. पाच माणसांच्या घरात ती माणशी रोज सात ग्रॅमही होत नाही. मग बाकीची साखर जाते कुठे? देशातल्या खपाचा निम्म्याहून मोठा वाटा घरांत येतच नाही, तो बिस्किटं, मिठाई, थंड पेयं, आइस्क्रीम करणाऱ्यांकडे जातो. तिथून रंगीत वेष्टणात परत आपल्याच घरी येतो. त्या साखरेचा चमचा आपल्या हातात नसतो.

एक पुडा हातात घेऊन बघा. पुढे हसरं मूल, दुधाचा पेला, गव्हाची ओंबी. मागे, जोडाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत घटक. पहिला मैदा, दुसरी बहुतेक साखर, मग पामतेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे दुसरा नंबर काय सांगतो ते समजून घ्या. थोडं पुढे इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन. पहिले दोन गोडच आणि तिसऱ्याचं पोटात झटपट ग्लुकोज होतं. साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव हिस्सा साखर असते, क्रीमवाल्यात त्याहून जास्त. ५० ग्रॅमचा पुडा चहात बुडवून संपवला की तीन चमचे साखर गेली. दोनशे मिलीलिटर थंड पेयात पाच चमचे. सहा वर्षांच्या लेकराचा दिवसाचा वाटा दुपारच्या सुट्टीच्या आत संपून वर उधारी.

आणि हे सगळं इंग्रजीत. कायद्याने घटक इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिले तरी चालतात. मराठीची सक्ती नाही. ज्या बाईने हा पुडा घेऊन लेकराच्या हातात द्यायचा, तिला तो वाचताच येऊ नये अशी ही व्यवस्था आहे, आणि मराठीच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्या कुठल्याही पक्षाने ही मागणी लावून धरलेली मला दिसली नाही.

उसाच्या फडावर तर हाल बघवत नाहीत. पहाटे अंधारात कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईने चूल कधी पेटवायची आणि भाकरी कधी थापायची? कोपीत मागे राहिलेल्या लेकराला कोरा चहा आणि बिस्किटं, तीच न्याहारी. त्या मायला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिच्या वेळेची किंमत कुणी धरली नाही, तिच्या लेकरासाठी फडाजवळ पाळणाघर केलं नाही. आईबाप ऊस तोडतात, त्या उसाची साखर होते आणि ती पुड्यातून त्यांच्याच पोराच्या पोटात भाकरीच्या जागी जाते. साखर कारखानदारीने पंचाहत्तर वर्षांत महाराष्ट्राला शाळा, दवाखाने, रस्ते दिले, हे खरं आहे. फडावरच्या लेकरांचं हे देणं मात्र बाकी आहे.

लहानपणीच्या साखरेचा परिणाम किती लांब जातो? ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात लागलेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. रेशनच्या काळात पोटात असलेली आणि जन्मलेली मुलं आणि त्यानंतरची मुलं यांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आली. आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांत साखर कमी मिळालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. साठ-सत्तर वर्षांनंतरही! अंगणवाडीताईंनी प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सांगावी अशी ही गोष्ट आहे. बाळाला वरचं अन्न सुरू करताना पहिला घास पाण्यात कालवलेल्या बिस्किटाचा नको. वरणाचं पाणी द्या, मऊ भात द्या, कुस्करलेलं केळं द्या.

धंद्याला हे कळत नाही असं समजू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयरोगाचा सगळा रोख स्निग्ध पदार्थांकडे वळवणारा लेख लिहून घेतला. तो १९६७ मध्ये छापून आला आणि त्यामागचे पैसे २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून उघड झाले. मधली पन्नास वर्षं जगभर तुपाला बोल लागत राहिला.

सरकारचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के ठेवले, हे योग्य झालं. पण त्याच दिवशी बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. बाटली पाप आणि पुडा पुण्य, हे कोणत्या शास्त्रात बसतं? पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापायचा प्रश्नही असाच भिजत पडला. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखरेच्या मालावर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली आणि दीड वर्षात तशा पेयांची खरेदी जवळपास पाव हिश्श्याने घटली. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो चांदण्यांचा. अपायकारक मालाला एक-दोन चांदण्या का होईना, द्यायच्याच! ज्याला अक्षरं येत नाहीत त्यालाही काळी खूण कळते. चांदणी दिसली की लेकरू हात पुढे करतं.

राज्याची तऱ्हा आणखी मनाला लागणारी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की अंड्यासाठी आणि खिरीच्या साखरेसाठी पैसे मिळणार नाहीत, हवं तर लोकसहभागातून करा. साखर काढली ते बरं केलं. तिच्याबरोबर अंडं काढलं, ते पाप. खुज्या राहिलेल्या मुलांच्या तोंडचं अंडं काढून घ्यायचं आणि बिस्किटांवरचा कर उतरवायचा, हे दोन्ही एकाच वर्षात झालं.

शेतकऱ्याची भीती मी समजू शकतो. लोकांनी साखर कमी खाल्ली तर उसाचं काय? पण उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र ठरवतं, तो शाळकरी पोराच्या पुड्यावर टांगलेला नाही. कारखान्यांना आता इथेनॉलची वाट आहे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची कित्येक वर्षं उसाचा दर चढत असताना तो तिथेच अडकून राहिला. शेतकऱ्याने भांडायचं आहे ते त्यासाठी. लेकरांचं यकृत पणाला लावून कुठल्याही बापाला ऊस विकायचा नाही.

आणि एक काम मुंबई-दिल्लीकडे न बघता कुरुंद्यात होऊ शकतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. नियम कागदावर पक्का आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटर कुठवर येतात, ते येत्या ग्रामसभेआधी टेप धरून मोजा. आत जी दुकानं येतील, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. त्यांना बोलावून सांगा की गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या हलवा आणि तिथे भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी ठेवा. केळी तर याच शिवारात पिकतात, आणि भाव पडला की व्यापारी बागेकडे फिरकतसुद्धा नाही. पहिल्या महिन्यात दुकानदाराला खोट आली, तर ती ग्रामपंचायतीने भरून द्यावी. तसा ठराव लिहून घ्या.